काठ, पदर आणि खण : मराठी स्त्रीवेशातील रंग आणि प्रमाण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रातील स्त्रीचा पोशाख शिंप्याच्या कात्रीने फारसा ठरत नव्हता. तो आधी विणकराच्या मागावर आणि नंतर नेसणारीच्या हातांत घडत असे, आणि म्हणूनच अंगाला काय शोभते या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे मागावरच दिले जात असे. लुगड्याचे अंग कोणत्या रंगाचे असावे, त्याचा काठ किती बोटे रुंद असावा, पदर अंगाच्याच रंगाचा असावा की वेगळा, आणि या सगळ्यावर चोळीसाठी कोणता खण घ्यावा, या चार निर्णयांत रंगसंगतीचा आणि प्रमाणाचा जवळजवळ सारा विचार सामावलेला होता. हा विचार शब्दांत क्वचितच मांडला गेला, पण इरकल, पैठण, येवले, महेश्वर आणि गुळेदगुड येथे विणल्या गेलेल्या कापडाची रचना बारकाईने पाहिली, की तो किती काटेकोर होता हे स्पष्ट होते.

लुगडे म्हणजे न शिवलेले, एकसंध, लांब वस्त्र. मराठी प्रौढ स्त्रीसाठी त्याची रूढ लांबी नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास असे. त्याच्या रुंदीला कापडाच्या व्यवहारात पन्हा म्हणतात. लांबीच्या दोन्ही कडांना वेगळ्या रंगाची किंवा नक्षीची जी पट्टी असते ती काठ, खांद्यावरून जाणारे सजवलेले टोक तो पदर, आणि या दोहोंच्या मध्ये उरणारा विस्तार ते लुगड्याचे अंग. नेसताना पुढे निऱ्या घालून त्यांचा खालचा भाग दोन्ही पायांमधून मागे नेला जातो आणि कमरेपाशी खोचला जातो. या मागे खोचलेल्या भागाला कासोटा म्हणतात. या एका क्रियेमुळे वस्त्राची सारी भूमिती बदलते. सपाट पसरलेल्या लुगड्यात काठ ही केवळ कडेची आडवी रेघ असते. कासोटा घातल्यावर तीच रेघ पोटऱ्यांभोवती फिरून पाठीमागे उभी चढते, आणि वरच्या कडेचा काठ छातीवरून खांद्याकडे तिरपा जातो. एकाच पट्टीतून आडवी, उभी आणि तिरपी अशा तीन रेषा शरीरावर उमटतात. त्यांतली उभी रेषा उंची वाढवते, तिरपी रेषा धडाची रुंदी तोडते, आणि आडवी रेषा वस्त्राला खालून बांध घालते. काठाची रुंदी हा म्हणूनच गौण तपशील नव्हता. ठेंगण्या बांध्याच्या स्त्रीने फार रुंद काठाचे लुगडे नेसले, तर आडवी रेषा जड होऊन आकृती आणखी खाली दबते, आणि उंच स्त्रीला अगदी अरुंद काठ अपुरा वाटतो. घरोघरच्या जाणत्या स्त्रिया लुगडे निवडताना काठावर बोटे ठेवून पाहत, त्यामागे हाच हिशेब होता.

नेसण्याची तऱ्हा कामाप्रमाणे आणि समाजाप्रमाणे बदलत असे, आणि तिच्याबरोबर प्रमाणही बदलत असे. कोळी स्त्रिया लुगडे गुडघ्यापर्यंत घट्ट कसून नेसत आणि वरच्या अंगावर वेगळे वस्त्र घेत, त्यामुळे त्यांच्या वेशात कमरेवरचा आणि कमरेखालचा असे दोन स्वतंत्र रंग आमनेसामने येत. गोव्यातील कुणबी स्त्रियांचे लाल चौकड्यांचे आखूड कापड पदराची गाठ खांद्यावर बांधून नेसले जाई. तिथे काठापेक्षा चौकड्यांच्या आकारावर सारे सौंदर्य अवलंबून असे. वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी या कापडाकडे पुन्हा लक्ष वेधले, तेव्हा त्याची रचना किती मोजकी आणि नेमकी आहे हे शहरी डोळ्यांना नव्याने दिसले. शेतात, समुद्रकिनारी किंवा जात्यावर काम करणाऱ्या स्त्रीला पाय मोकळे ठेवणारे नेसणे लागते, आणि वस्त्र किती उंच बांधायचे हे एकदा कामाने ठरले, की काठ कुठे दिसणार हेही ठरते.

रंग आणि माग यांचा संबंध समजून घेण्यासाठी इरकली लुगड्यासारखे दुसरे उदाहरण नाही. इरकल हे गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात येते, पण १९५६ पर्यंत तो प्रदेश मुंबई राज्यातल्या विजापूर जिल्ह्याचा भाग होता, आणि इरकली लुगड्याचे गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणावर मराठी होते. त्याचे अंग परंपरेने सुती आणि गडद रंगाचे, तर पदर लाल रेशमाचा, पांढऱ्या पट्ट्यांनी आणि दातेरी नक्षीने उजळलेला असतो. कापड विणताना लांबीत ताणलेल्या उभ्या धाग्यांना ताणा आणि त्यांतून आडव्या जाणाऱ्या धाग्यांना बाणा म्हणतात. गडद निळ्या ताण्यावर लाल बाणा घातला तर शुद्ध लाल कधीच मिळत नाही. दोन्ही रंग एकमेकांत मिसळून जांभळट छटा येते. इरकलच्या विणकरांनी यावर जो तोडगा काढला तो थक्क करणारा आहे. त्यांनी अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा तयार केला, आणि मागावर दोन्ही ताण्यांचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवले; या जोडाला कोंडी म्हणतात. पदराचा ताणाही लाल आणि बाणाही लाल, म्हणून पदराचा लाल रंग निर्भेळ उतरतो. या पद्धतीची किंमतही मोठी होती, कारण अशा प्रत्येक लुगड्याचा ताणा स्वतंत्रपणे, सहा, आठ किंवा नऊ वार असा आधीच माप ठरवून लावावा लागे. केवळ एका टोकाचा रंग शुद्ध राहावा यासाठी विणकर एवढे कष्ट घेत होता, यावरून पदराच्या रंगाला किती महत्त्व होते ते समजते, आणि ते महत्त्व योग्यच होते, कारण लुगड्याचा जो भाग चेहऱ्याजवळ येतो तो पदरच असतो.

काठाच्या बाबतीतही हीच दृष्टी दिसते. विदर्भातील करवती काठाच्या लुगड्यात, ज्याला करवत काटी असेही म्हणतात, टसर रेशमाच्या फिकट अंगाला करवतीच्या दात्यांसारखी कड असलेला गडद काठ असतो, आणि तो विणताना तीन धोटे वापरले जातात : दोन काठांसाठी दोन आणि अंगासाठी एक. धोटा म्हणजे बाण्याचा धागा वाहून नेणारे साधन. प्रत्येक ओळीत अंगाचा आणि काठाचा बाणा एकमेकांत गुंतवून परत फिरवला जातो, त्यामुळे काठाचा रंग अंगात आणि अंगाचा रंग काठात घुसत नाही. दातेरी कडेचा फायदा असा, की दोन विरोधी रंगांमधली सीमारेषा एकदम कापल्यासारखी दिसत नाही; दाते एका रंगातून दुसऱ्या रंगात जाण्याची वाट करून देतात. पैठणीत हेच कौशल्य पराकोटीला पोचले. पदरावरचे मोर, मुनिया आणि असावलीच्या वेली यांत प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरतो, आणि अंगात मात्र अनेकदा ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछाव साधली जाते, म्हणजे कापड हलताच रंग पालटतो. पैठणीच्या जुन्या नावांतच रंगसंगती सांगितलेली आहे : काळ्या अंगाची, लाल काठाची ती काळी चंद्रकळा, पोपटी रंगाची ती राघू, आणि शुभ्र अंगाची ती शिरोदक. महेश्वरला अहिल्याबाई होळकरांच्या काळात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, विणकर आणून वसवण्यात आले. तेथील लुगड्याचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून वस्त्र उलट नेसले तरी बिघडत नाही. जरीने लखलखणाऱ्या दरबारी पैठणीच्या शेजारी महेश्वरीचे साधे अंग आणि नेटका काठ ठेवले, की संयमातूनही किती शोभा साधते हे दिसते.

लुगड्याचा विचार खणाशिवाय पुरा होत नाही. खण म्हणजे एका चोळीपुरते विणलेले कापड. त्याच्या दोन्ही कडांना काठ असतो आणि मध्ये बारीक, दाट बुट्टे असतात. गुळेदगुड हे त्याचे मोठे केंद्र, तेही आजच्या बागलकोट जिल्ह्यातच. तेथील खण त्रिकोणी घडी घालून विकला जाई आणि महाराष्ट्रात देवीच्या ओटीपासून लग्नाच्या रुखवतापर्यंत सर्वत्र लागे. चोळी शिवताना काठ बाह्यांच्या कडेला आणि छातीखालच्या पट्टीला येईल असे बेतले जाई. दंडावर आलेला हा काठ हाताच्या मध्यावर एक स्पष्ट रेघ आखतो आणि त्याखाली हिरव्या बांगड्यांपर्यंतचा हात मोकळा दिसतो; हे प्रमाण इतके पक्के झाले होते, की आजही देवीच्या मूर्तीला चोळी घालताना ते पाळले जाते. महत्त्वाची गोष्ट अशी, की खणाचा रंग लुगड्याच्या अंगाशी जुळवला जात नसे. हिरव्या लुगड्यावर लाल किंवा जांभळा खण, काळ्या चंद्रकळेवर लाल किंवा हिरवा, डाळिंबी लुगड्यावर मोरपंखी, अशी निवड होई. जुळवायचेच तर लुगड्याच्या काठाशी जुळवत. त्यामुळे वेशात दोनच मुख्य रंग राहत, पण दोन्ही एकमेकांच्या जागेत पुन्हा डोकावत, आणि सारा वेश बांधलेला वाटे.

विरोधी रंग शेजारी ठेवले तर दोन्ही अधिक तेजस्वी दिसतात, या अनुभवाचे शास्त्रीय विवेचन युरोपात १८३९ मध्ये झाले. पॅरिसच्या गोबलँ येथील शाही चित्र-विणकामाच्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे काळ्या धाग्याचा रंग फिका असल्याची तक्रार आली. तपासाअंती त्यांना आढळले, की दोष रंगात नसून शेजारी विणलेल्या दुसऱ्या रंगाच्या परिणामात आहे. दख्खनी विणकराला हे सूत्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण लाल काठाशेजारी काळे किंवा हिरवे अंग ठेवण्याची त्याची सवय त्याच निरीक्षणातून आलेली होती. गहूवर्णी आणि सावळ्या अंगाला डाळिंबी, आमसुली, अंजिरी, वांगी, मोरपंखी, कुसुंबी यांसारखे खोल आणि मिश्र रंग खुलतात, आणि मराठी भाषेत रंगांची नावे फळे, फुले आणि पक्षी यांवरून पडलेली असणे हेही या सूक्ष्म पारखीचेच लक्षण मानले पाहिजे.

रंगांची ही श्रेणी रंगाऱ्याच्या भट्टीने बांधलेली होती. पक्का लाल रंग आल या झाडाच्या मुळांच्या सालीतून मिळे. खानदेश, विदर्भ आणि माळवा येथे आलीची लागवड होत असे आणि मुळे खणण्यासाठी तीन-चार वर्षे वाट पाहावी लागे. निळा रंग निळीचा. हिरवा रंग एका द्रव्यातून येत नसे. कापड आधी निळीत बुडवून मग हळद किंवा डाळिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या द्रव्यात घालावे लागे, आणि पिवळा रंग आधी उडत असल्याने जुने हिरवे लुगडे हळूहळू निळसर होई. करडईच्या फुलांपासून मिळणारा कुसुंबी रंग सर्वांत मोहक आणि सर्वांत नाजूक होता : फुलांतला पिवळा अंश पाण्याने धुऊन काढायचा, मग पापडखारात लाल अंश उतरवायचा आणि आंबट द्रव्याने तो कापडावर बसवायचा, असा त्याचा क्रम असे, आणि एवढे करूनही ऊन आणि साबण यांपुढे तो टिकत नसे. रोजच्या लुगड्यात निळा, काळपट आणि आलीचा लाल, तर सणावाराला कुसुंबी, हा भेद अभिरुचीचा होता तसाच रंगाच्या आयुष्याचाही होता.

या सौंदर्यविचाराला एक कठोर बाजू होती आणि ती टाळून इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रंग कोणाला शोभतो यापेक्षा कोणाला मुभा आहे हा प्रश्न आधी येत असे. वधूसाठी हळदीने पिवळी केलेली अष्टपुत्री, डोहाळजेवणाला आणि सौभाग्याच्या प्रसंगी हिरवे, एरवी अशुभ मानले जाणारे काळे मात्र नववधूच्या पहिल्या संक्रांतीला आवर्जून नेसायचे, असे नियम होते. ज्या विधवांचे केशवपन झाले होते त्यांच्या वाट्याला आलवण, म्हणजे काठपदर नसलेले तांबडे वस्त्र, येई. काठ काढून घेणे हा त्या प्रथेतला सर्वांत क्रूर भाग होता, कारण ज्या समाजात काठ हीच शोभेची रेघ होती, तिथे ती पुसून टाकण्याचा अर्थ पाहणाऱ्या प्रत्येकाला समजत असे. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी केशवपनावर जी टीका केली, तिच्या संदर्भात वेशातील ही हिंसाही लक्षात घेतली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या व्यवस्थेचे तिन्ही आधार, म्हणजे रंगारी, माग आणि नेसण्याची पद्धत, एका पाठोपाठ एक हलले. विल्यम पर्किन यांना १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला, १८६८ मध्ये मंजिष्ठेतील लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. थोड्याच दशकांत आलीची लागवड संपली. रंग स्वस्त आणि भडक झाले, आणि गुलबक्षी किंवा राणी रंग रोजच्या लुगड्यात आला. गिरण्या आणि यंत्रमाग यांनी दुसरा बदल घडवला. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग बसवला; पुढे इचलकरंजी, मालेगाव आणि सोलापूर येथून लुगडी आणि पातळे मोठ्या प्रमाणावर निघू लागली. साध्या यंत्रमागावर एकच धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावतो, त्यामुळे काठाच्या रंगीत ताण्यात अंगाचा बाणा मिसळतोच आणि काठाची धार बोथट होते. निर्भेळ, विरोधी काठ ही हातमागाची मिरास राहिली, आणि स्वस्त कापडात काठ अरुंद व अंगाच्या रंगाकडे झुकणारा होत गेला. हा बदल अभिरुचीच्या ऱ्हासामुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे मूळ यंत्राच्या रचनेत होते.

याच काळात वेश कसा दिसावा याचे नमुने घराबाहेरून येऊ लागले. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला, जो नंतर मळवलीला गेला, आणि काठापदराची साडी ल्यालेल्या देवींची चित्रे घरोघरी पोचली. रंगभूमीवर बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७), यांनी स्त्रीभूमिकांसाठी खऱ्याखुऱ्या भरजरी शालू-पैठण्या वापरल्या, आणि १९११ च्या ‘मानापमान’ नाटकातील श्रीमंत भामिनी आणि तिनेच घेतलेले गरीब वनमालेचे सोंग यांतील फरक प्रेक्षकांनी वस्त्रांवरूनही वाचला. त्यांच्या साड्यांची आणि केशरचनेची नक्कल पुण्या-मुंबईच्या स्त्रिया करीत. काय शोभते हे ठरवणारी नजर घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून दिव्यांच्या झोतातल्या नटाकडे सरकली, ही मराठी वेशाच्या इतिहासातील मोठी घटना होय.

सर्वांत खोल बदल मात्र पाचवारी साडीने केला. सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी असताना त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी पारशी स्त्रियांच्या धर्तीवर परकर, ब्लाऊज आणि पुढे निऱ्या असे नेसणे स्वीकारले, आणि त्या धर्तीची गोल साडी पुढील काही दशकांत शहरी भारताची समान पद्धत बनली. महाराष्ट्रात ती प्रथम शिकलेल्या तरुण मुलींनी घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धातील कापडटंचाईने नऊ वारांचा खर्च अनेक घरांना परवडेनासा केला. कासोटा गेल्यावर पाठीवरची उभी रेषा नाहीशी झाली आणि खालचा काठ पावलांभोवती एकच आडवे वर्तुळ बनला. उंची वाढवण्याचे काम आता पुढच्या निऱ्यांच्या उभ्या घड्यांकडे आणि खांद्यावरून मागे सोडलेल्या लांब पदराकडे आले. चोळीच्या जागी आधी बाह्यांचे पोलके आणि मग झंपर आला, ज्याने दंडावरच्या काठाची ठरलेली जागा मोडली. पुढे साडीलाच ब्लाऊजपीस जोडून विणण्याची प्रथा पडली आणि शहराशहरांत ‘मॅचिंग सेंटर’ नावाची दुकाने उघडली, जिथे साडीचा तुकडा नेऊन तंतोतंत त्याच रंगाचे कापड घ्यायचे. खण आणि लुगडे यांमधील विरोधाची जी परंपरा पिढ्यानपिढ्या चालली होती, तिच्या जागी एकरंगी जुळणी आली. या जुळणीने वेश सोपा झाला, पण चेहऱ्याजवळचा तो दुसरा रंग हरवल्याने तो सपाटही झाला, असेच म्हणावे लागते.

गेल्या काही वर्षांत खणाच्या संपूर्ण साड्या लोकप्रिय झाल्या आहेत, आणि त्यांनी गुळेदगुडच्या मागांना काम दिले ही समाधानाची बाब आहे. प्रमाणाच्या दृष्टीने मात्र त्यांत एक अडचण आहे : दंड आणि छाती एवढ्या लहान जागेसाठी रचलेले बारीक, दाट बुट्टे सहा वारांवर पसरले, की थोड्या अंतरावरून ते विरून जातात आणि साडी एकाच रंगाची भासते. साधे सुती अंग ठेवून केवळ काठाला आणि पदराला खण लावलेली साडी, किंवा साध्या इरकलीवर विरोधी रंगाच्या खणाची चोळी, ही त्या कापडाच्या जातीशी अधिक सुसंगत रचना आहे, आणि आज बाजारात मिळणाऱ्या पर्यायांत तीच सर्वांत शोभिवंत आहे.